आमच्या गल्लीतून मिरवणूक किती वाजता जाणार, एवढं आधी सांगा

प्रति,
गावातली सर्व गणेश, शारदा व दुर्गा उत्सव मंडळं, पोळा समिती, सरपंच ताई आणि ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नागपंचमी झाली. वर्गणीची पावतीपुस्तकं छापून आली, गणपतीच्या मांडवाचं बोलणं सुरू आहे. आता पोळा, लेकरांचा लाकडी नंदींचा तान्हा पोळा, मग गणपती, महालक्ष्म्या, शारदा-दुर्गा, भुलाबाई, दिवाळी अशी रांगच लागते. हे पत्र मुद्दाम आत्ताच लिहितो आहे. एकदा साउंडवाल्याला बयाना गेला की नंतर कोणी काही बदलत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे, म्हणजे त्याच्या मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी आहे. गावात त्याला न ओळखणारं कोणी नाही. पण त्याला नेमकं होतं काय, हे माहीत असणारे फार थोडे आहेत, म्हणून आधी तेच सांगतो.

आपण पारावर बोलत बसलो की मागे पिठाची चक्की चालू असते, एखादा ट्रॅक्टर जातो, कोणाच्या तरी घरी टीव्ही लागलेला असतो. आपला मेंदू ते सगळं आपोआप मागे सारतो आणि समोरच्याचं बोलणं तेवढं पुढे घेतो. माझ्या मुलाला ही निवड जमत नाही. चक्की, ट्रॅक्टर, टीव्ही आणि माझं बोलणं, सगळं त्याच्यावर सारख्याच जोरानं येऊन आदळतं. कानांचंच असं आहे असंही नाही. शर्टाच्या कॉलरमागची पट्टी त्याला दिवसभर टोचते; नवीन गणवेश आला की त्याची आई आधी ती पट्टी उसवते आणि कापड चार वेळा धुऊन मऊ करते. फडफडणारी ट्यूबलाइट आपण घटकाभरात विसरतो, तो विसरू शकत नाही. फवारणीच्या औषधाचा वास अंगाला असेल तर मी आंघोळ केल्याशिवाय तो माझ्याजवळ येत नाही. आणि काही बाबतींत अगदी उलटं आहे. गुडघा फुटून रक्त आलं तरी कधी कधी त्याला पत्ता नसतो. स्वतःभोवती कितीही गिरक्या घेतल्या तरी त्याला गरगरत नाही.

हे त्याचे लाड नाहीत. संवेदना अशा कमी-जास्त जाणवणं हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे. २०१३ साली ते त्यात घातलं गेलं. प्रत्येक लेकराचं मात्र वेगळं असतं. एकाला आवाज सोसत नाही, दुसऱ्याला उजेड, तिसरा स्वतःच मोठमोठ्यानं ओरडत राहतो कारण त्याला त्या आवाजाची गरज असते. त्यामुळे मी सांगतो ते माझ्या मुलापुरतं आहे, एवढं धरून चाला.

दिवसभरात हे सगळं साठत जातं. पावसाळ्यात विहिरीला चहूकडून झरे लागलेले असावेत आणि लाइन नसल्यानं मोटर बंद असावी, तशी त्याची गत होते. रात्रीची मोडलेली झोप, शाळेची घंटा, खिचडीच्या वेळी ताटांचा खणखणाट, दुपारचा उकाडा, एसटीतली गर्दी, हे सगळं आत जमा होतच राहतं. संध्याकाळी गल्लीत एक फटाका वाजतो आणि विहीर काठावरून वाहू लागते. बघणाऱ्याला फक्त तो शेवटचा फटाका दिसतो. "एवढ्याशा फटाक्यासाठी एवढं काऊन रडते हे पोट्टं?" असं मग लोक विचारतात.

त्या वेळी तो कान दाबून खाली बसतो, किंचाळतो, स्वतःच्या मनगटाला चावतो, कधी वाट दिसेल तिकडे पळत सुटतो. याला हट्ट म्हणणारे बरेच आहेत. हट्ट करणारं लेकरू रडता रडता एक डोळा आपल्याकडे ठेवून असतं आणि हवी ती वस्तू हातात पडली की गप्प होतं. माझ्या मुलाला त्या वेळी काहीच नको असतं. चॉकलेट, मोबाईल, काहीही द्या, त्याला दिसतच नाही. मी हाक मारलेलीही त्याला कळत नाही. ते ओसरायला अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त, आणि नंतर तो इतका थकतो की आहे तिथेच झोपी जातो. "दोन रट्टे ठेवून द्या, सुधरते" असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. रट्ट्यानं त्या भरलेल्या अंगावर आणखी एक मार पडतो, दुसरं काही होत नाही. अंगारे-धुपारे, ताईत यांचंही तेच. ज्यांनी सुचवलं त्यांनी मायेपोटीच सुचवलं, हे मला कळतं. तरी आता ते पुरे.

मागच्या तान्ह्या पोळ्याचं सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण तिथे होते. त्याच्या आजोबांनी त्याला सागाचा लाकडी नंदी करून दिला आहे, चार चाकांचा. वर्षभर तो त्या नंदीची चाकं फिरवत बसतो. आदल्या रात्री आम्ही नंदीला झूल शिवली, शिंगांना बेगड लावली. तो स्वतः दोरी धरून आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या मैदानावर आला, इतर लेकरांच्या रांगेत उभा राहिला. रांगेत उभं राहणं हे त्याच्यासाठी सोपं नाही, आणि त्या दिवशी तो उभा होता. तोरणाच्या बाजूलाच साउंडच्या दोन मोठ्या पेट्या ठेवल्या होत्या. बक्षिसांची नावं पुकारायची म्हणून कोणीतरी माइक सुरू केला आणि तो शिट्टीसारखा किंचाळला. मागोमाग गाणं लागलं. पोरगा दोरी टाकून पळाला तो थेट नाल्याकडे. मी आणि दोन पोट्टे मागे धावलो, म्हणून वेळेत हाती लागला. परत आलो तेव्हा लोक गोल करून उभे होते आणि कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. नंदी घेऊन येणाऱ्या लेकरांना मिळतो तो बोजारा घ्यायचा राहूनच गेला.

आता दुसरी बाजू ऐका. हाच मुलगा संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला गुरुदेव सेवा मंडळात जातो आणि खंजिरीच्या अगदी जवळ जाऊन बसतो. खंजिरी काही हळू वाजत नाही. भजन रंगात आलं की चांगलाच आवाज होतो. तरी तो तिथे मान डोलावत बसलेला असतो. सुरुवातीला मलाही याचं नवल वाटायचं. नागपूरच्या थेरपिस्ट ताईंनी विचारलं, "तिथे रोज काय काय होतं ते सांगा." मी सांगत गेलो: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, तेच लोक, त्याच क्रमानं तीच पदं, एका चालीत चालणारा ठेका, आणि कधी संपणार ते पक्कं माहीत. त्या म्हणाल्या, आवाज मोठा आहे की लहान एवढंच बघू नका. तो येणार हे त्याला आधी ठाऊक असतं का, तेही बघा. तेव्हापासून आमच्या घराचा सगळा कारभार या एका गोष्टीवर चालतो.

घरी आम्ही भिंतीवर एक फळा लावला आहे. त्यावर दिवसाची चित्रं चिकटवतो: दात घासणं, शाळा, जेवण, झोका, प्रार्थना. काही वेगळं होणार असेल, पाहुणे येणार, थ्रेशर लागणार, आटा दळायला जायचं, तर त्याचं चित्र आदल्या रात्रीच लागतं. झालं की तो स्वतः ते चित्र काढून डब्यात टाकतो. तुरीवर थ्रेशर चालतं तेव्हा कानठळ्या बसतात, पण चित्र लागलेलं असलं की तो स्वतःहून कानावर मफ चढवतो आणि लांब कडुनिंबाखाली जाऊन बसतो. कारखान्यात कामगार लावतात तसे ते मफ आहेत. दिवसभर लावून ठेवू नका, कान आणखी हळवे होतात, असंही थेरपिस्टनी बजावलं आहे. म्हणून ते गरजेपुरतेच लावतो.

आणखी एक उपाय आम्हाला फार लागू पडला, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. अंगावर जोर पडेल असं काम केलं की त्याचं शरीर शांत होतं. ढेपेचं घमेलं उचलून गोठ्यात नेणं, पाण्याची कॅन ढकलत आणणं, आईसोबत कणीक तिंबणं, झोक्यावर लांब झोके घेणं. गर्दीच्या ठिकाणी जाण्याआधी आम्ही त्याच्याकडून असं काहीतरी करवून घेतो. हलका स्पर्श त्याला सोसत नाही. गालाला हात लावला, डोक्यावरून कुरवाळलं की तो शहारतो. पण जाड गोधडीत घट्ट गुंडाळून धरलं की त्याचा श्वास हळूहळू संथ होतो. शाळेतही आता गुरुजी घंटा देण्याआधी त्याला खूण करतात, आणि रोज घंटेचा टोला देण्याचं काम बरेचदा त्यालाच देतात. स्वतः वाजवलेल्या घंटेनं तो दचकत नाही.

म्हणजे घरी, शाळेत, वावरात जे करता येतं ते आम्ही करतो. गावाच्या रस्त्यावर मात्र आमचं काही चालत नाही. तिथे तुमच्यावाचून होणार नाही.

माझं पहिलं मागणं वेळेचं आहे. आरती किती वाजता, महाप्रसाद कोणत्या दिवशी, विसर्जनाची मिरवणूक कोणत्या रस्त्यानं आणि आमच्या गल्लीत अंदाजे किती वाजता, एवढं दोन दिवस आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि मांडवापाशी फळ्यावर लिहा. उशीर होणार असेल तर एक फोन करा. मिरवणूक आठला येणार म्हणून सांगितलं आणि ती साडेदहाला आली, तर माझा मुलगा ते अडीच तास दाराशी ताटकळत काढतो आणि मग सगळं कोसळतं. वेळ कळली तर मी त्याला त्या तासाभरासाठी वावरातल्या झोपडीत घेऊन जाईन, किंवा मफ लावून ओट्यावर बसवीन. बाप्पा त्यालाही बघायचा असतो.

दुसरं साउंड चेकचं. सगळ्यात वाईट आवाज तोच असतो, हे बहुधा तुमच्या लक्षातही आलं नसेल. भर दुपारी, कोणाला काही न सांगता, "हॅलो हॅलो माइक टेस्टिंग", मग शिट्टी, मग छातीत धडधड होईल असा ठोका, मग बंद, मग पुन्हा. ना त्याला ठेका असतो ना शेवट. त्याची एक वेळ ठरवा आणि कळवा. पेट्यांची तोंडं घरांकडे न करता आखराकडे करा. आमच्या गल्लीत टिनाची घरं आहेत. ठोक्यासरशी पत्रे थरथरतात आणि तो थरथराट भिंतीतून खाटेत उतरतो. त्याला मफचा काही उपयोग होत नाही, कारण तो कानातून येतच नाही, अंगातून येतो. गल्लीच्या तोंडाशी डीजे थांबवून नाचायची जी पद्धत पडली आहे ती बंद करा. नाचायला चावडीपुढचं मैदान आहे. सुतळी बॉम्बसाठीही तीच एक जागा आणि एक वेळ ठेवा.

कायद्याचं बोललो तर धमकी वाटेल, पण ग्रामपंचायतीला पत्र लिहितो आहे तर ते सोडूनही चालणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद, सणासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. शाळा आणि दवाखान्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असू शकतो, आणि आपला मांडव शाळेच्या कुंपणाला लागून आहे. दुसरा कायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे, आणि त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीनं सांस्कृतिक जीवनात भाग घेता यावा म्हणून सरकारनं आणि स्थानिक संस्थांनी पावलं उचलावीत. स्थानिक संस्था म्हणजे आपली ग्रामपंचायतसुद्धा. पोळा, गणपती, भुलाबाई हे आपलं सांस्कृतिक जीवन नाही तर दुसरं कोणतं? मला माझ्या मुलाला सणापासून लांब न्यायचं नाही. त्याला सणात आणायचं आहे.

त्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. गणपतीच्या दहा दिवसांत रोज सकाळी ७ ते ८ मांडवात गाणी बंद, लुकलुकणारे दिवे बंद, फक्त समई. त्या वेळात ज्याला शांतपणे दर्शन घ्यायचं आहे त्यानं यावं. माझ्या मुलासोबत गावातल्या म्हाताऱ्या बाया येतील, तान्ही लेकरं घेऊन बाळंतिणी येतील, बीपीवाले येतील. दुसरं, उत्सवाच्या दिवशी समाजमंदिरामागची खोली उघडी ठेवा. एक सतरंजी, एक पंखा, खिडकीला जाड पडदा, बस. ज्या लेकराला गर्दी सोसली नाही त्याला तिथे नेता येईल, आणि घटकाभरानं ते परत बाहेर येऊ शकेल. पळून नाल्याकडे जाण्यापेक्षा पळायला ही एक जागा असली की जीव वाचतो. हे मी शब्दशः म्हणतो आहे. ऑटिस्टिक लेकरं घाबरली की पळतात आणि पाण्याकडे त्यांची ओढ असते, हे डॉक्टरही सांगतात. आपल्या आखराला लागून नाला आहे आणि श्रावण-भादव्यात त्याला पूर असतो. पोळ्याच्या दिवशी त्या बाजूला मंडळाचे दोन पोट्टे उभे करा.

पैशाचं विचाराल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. सरपंच ताई, तो आजवर कशावर खर्च झाला ते तुम्ही ग्रामसभेत सांगालच. यंदा त्यातून त्या खोलीचा पडदा-पंखा आणि लेकरांच्या मापाचे कानाचे मफ घ्या. मफ शाळेत ठेवा, सणाला मांडवात आणा. ज्याला लागतील तो लावेल.

आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंनाही यातच विनंती करतो. हाक मारली तरी बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, आवाजानं फार बिथरते अशी लेकरं दिसली तर "मोठं झालं की बोलेल" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्या डॉक्टरांना दाखवा. पुढे जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणाऱ्या केंद्रात, तपासणी होते. आम्हाला हे फार उशिरा कळलं. मधली वर्षं कान तपासण्यात आणि देवऋष्याकडे गेली.

आणि तुम्हा सगळ्यांना, रस्त्यात तो तसा बसलेला दिसला तर काय करायचं ते सांगून ठेवतो. गोल करू नका. एकानंच थांबा, बाकीच्यांनी पुढे जा. जवळ साउंड असेल तर बंद करायला सांगा, ऊन असेल तर सावली धरा. बोलू नका, प्रश्न विचारू नका. त्या वेळी तुमचा शब्द हा आणखी एक आवाज असतो. तोंडावर पाणी मारू नका, हात धरून ओढू नका. तो रस्त्याकडे किंवा पाण्याकडे जाऊ लागला तर मात्र मागून घट्ट धरा, काही वाटून घेऊ नका. मला किंवा त्याच्या आईला फोन करा. आणि मोबाईलचा कॅमेरा खिशात ठेवा. आपलं लेकरू रस्त्यावर असं पडलेलं असताना त्याची शूटिंग गावभर फिरावी, हे तुमच्यापैकी कोणालाच सहन होणार नाही.

येत्या शनिवारी हनुमान मंदिरात मंडळाची बैठक आहे असं कळलं. मी येणार आहे, त्याची आईही येईल. वर्गणी दरवर्षीसारखी देईनच. मिरवणुकीचा रस्ता आणि वेळापत्रक त्याच बैठकीत ठरवू आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकू. साउंडवाल्याशी बोलायला जे कोणी शहरात जाणार असतील त्यांनी मला सोबत घ्यावं. पेट्या कुठे आणि कोणत्या तोंडानं ठेवायच्या ते मी त्याला जागेचं चित्र काढून समजावून देतो.

आपला,
गावातलाच एक शेतकरी बाप